पंगतीआधीची पिवळी गोळी

इथल्या मराठी मंडळाचा चिटणीस घरी येऊन गेला. म्हणाला, "काका, दिवाळी अंकासाठी तुमच्या दवाखान्यातल्या आठवणी लिहा. तऱ्हेतऱ्हेचे पेशंट, गमतीजमती. सणाचा अंक आहे, जरा हलकंफुलकं येऊ द्या." मी हो म्हणालो. मग त्यानं सांगितलं, की मी नुसतं बोलायचं आणि तो मोबाइलवर टिपून घेणार, म्हणजे मला त्रास नको. त्यावर मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. मी चौथीपर्यंत शिकलो आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला लिहिता येतं. ऱ्हस्व-दीर्घ त्यानं नीट करून घ्यावं, बाकी एका शब्दाला हात लावू नये.

आणि हलकंफुलकं काही येणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. माझा धाकटा भाऊ दगडू गेल्या लगीनसराईत वारला. जुलाबानं वारला. माझा सगळा जन्म लोकांना जुलाबाच्या गोळ्या देण्यात गेला, आणि माझा सख्खा भाऊ जुलाबानं गेला. हे बाजूला ठेवून मी दुसऱ्या कुठल्या गमती सांगू?

चिक्कडपल्लीच्या भाजीबाजारामागच्या एका बोळात आमचा दवाखाना होता. डॉक्टर तेलुगू, थंड डोक्याचे. पेशंटशी तेलुगूत बोलायचे, माझ्याशी इथल्या दखनी हिंदीत. त्यांना सगळे डॉक्टरसाब म्हणायचे. ते आत पडद्यामागे बसत, मी कंपाउंडर म्हणून बाहेर खिडकीशी. आतून चिठ्ठी येई, खिडकीतून औषध जाई. पूर्वी बाटलीत मिक्स्चर भरून बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी डकवायचो, एक खाच म्हणजे एक डोस. पुढे मिक्स्चर गेलं, गोळ्या राहिल्या. त्या पुडीत बांधून द्यायच्या. लोकांना वाटतं, कंपाउंडर म्हणजे पुड्या बांधणारा. पुडी किराणा दुकानदारही बांधतो. पुडीतलं औषध शेवटच्या गोळीपर्यंत पेशंटच्या पोटात जातंय की नाही हे बघणं, ते आमचं काम. ते मी करत होतो, आणि माझ्यासारखं या शहरात दुसरं कुणी करत नव्हतं. कुणाला हे फुशारकी वाटेल तर वाटू दे.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी जुलाबाचं सांगतो. हे माझं ज्ञान नाही, डॉक्टरसाबांनी मला शिकवलेलं आहे. एक जुलाब नुसत्या पाण्यासारखा. त्याला बहुतेक वेळा गोळी लागतच नाही. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं, अंगातलं गेलेलं पाणी भरून काढायचं, माणूस आपोआप उठून बसतो. अगदी कॉलऱ्यासारखा धो धो असला तर गोष्ट वेगळी, त्याला मोठ्या दवाखान्यातच न्यायचं. दुसरा जुलाब कळ मारून येणारा. आव पडते, रक्त पडतं, अंगात ताप. तिथं जंतू आतड्याला जखमा करत असतात. तिथं ते जंतू मारणारी गोळी लागते, आणि डॉक्टर सांगेल तितके सगळे दिवस लागते. दुसऱ्याच दिवशी पोट धरलं म्हणून सोडली, तर जे जंतू चिवट असतात तेच मागे राहतात आणि त्यांचीच पुढे पिलावळ होते.

बाजारात आणखी एक गोळी मिळते. ती जंतू मारत नाही, नुसतं आतड्याचं हलणं थांबवते. रक्ताच्या जुलाबात ती घेणं म्हणजे घरात चोर असताना बाहेरून कडी लावणं. रक्त पडणाऱ्याला डॉक्टरसाब ती कधीच देत नसत. लोकांना मात्र तीच हवी असते.

खिडकीशी कुणीही आलं की मी आधी विचारायचो, "पाणी का रक्त?" मोठ्यानं विचारायचो. एकदा एक बँकेतले साहेब आले, सफारी घातलेले. खिडकीत डोकं घालून हळूच म्हणाले, "तबियत थोडी ढीली है." मी म्हणालो, "ढीली मतलब कैसी, साब? पानी या खून?" बाकावरची सगळी माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. साहेबांचे कान लाल झाले. पण खरं सांगितलं. लाजेपायी खोटं सांगितलेलं आतड्याला कळत नाही.

मीठ-साखरेचं पाणी सांगितलं की लोक भडकायचे. "डॉक्टर के पास आए क्या शरबत की दुकान पे?" असं मला किती जणांनी ऐकवलं असेल! लोकांना वाटे, गोळी मिळाली नाही म्हणजे फसवलं.

आणि ज्यांना गोळी खरोखरच लागत होती त्यांची वेगळीच तऱ्हा. अफझलगंजला अत्तर विकणारे खाजा मियाँ होते. रक्ताचा जुलाब घेऊन आले. गोळ्या नेल्या, जरा बरं वाटताच बंद केल्या, पुन्हा आले. पुन्हा नेल्या, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी पुडी बांधलीच नाही. म्हटलं, "मियाँ, रोज इधर आने का. मेरे सामने निगलने का."

"माणिकराव, मैं बच्चा हूँ क्या?"

"बच्चे सुनते हैं, मियाँ. मुँह खोलो. जबान उठाओ."

शिव्या देत यायचे, शिव्या देत गिळायचे. पण आले. शेवटच्या दिवशी माझं मनगट ओढून त्यावर अत्तराचं बोट फिरवलं आणि म्हणाले, "लो, अब तुम्हारे हाथ से फिनाइल की बास नहीं आएगी." तेव्हापासून मी पद्धतच पाडली. जो अर्ध्यात सोडेल असं तोंडावरून दिसतंय, त्यानं रोज खिडकीशी येऊन माझ्यासमोर गिळायचं. डॉक्टरसाब हसायचे. म्हणायचे, "माणिकराव का इस्कूल." पण त्यांनी मला कधी अडवलं नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. पुण्याहून आलेली, हिमायतनगरात राहणारी एक नोकरदार पोरगी होती. मोबाइलवर औषधाचं नाव वाचूनच आली. ताप होता, रक्त होतं, डॉक्टरसाबांनी गोळ्या दिल्या. मी म्हटलं, "रोज इथं यायचं." ती म्हणाली, "काका, ऑफिस असतं हो, मी अलार्म लावीन." मी मनात म्हटलं, लावलास अलार्म. तर ती शेवटच्या दिवसानंतर गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन मला दाखवायला आली. माझ्या इतक्या वर्षांत न सांगता पूर्ण औषध घेणारी ती एकटी. तसं मी बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला म्हणालो. ती लाजली.

आता दगडूचं.

आमचं गाव उदगीरच्या बाजूचं. मी आधी शहरात आलो, मग त्याला आणलं. तो माझ्यापेक्षा बराच लहान. दवाखान्यात झाडलोट कर म्हटलं तर त्याला फिनाइलच्या वासानं उलट्या व्हायच्या. गेला एका आचाऱ्याच्या हाताखाली, आणि पुढे स्वतःच आचारी झाला. इथल्या मराठी लोकांच्या लग्नात, बारशात, तेराव्यात दगडूच लागायचा. त्याची वांग्याची भाजी आणि बगारा भात खाण्यासाठी तेलुगू पाहुणेही पंगतीला बसायचे. कपाळाला पंचा, कमरेला चंची, हातात झारा. माझ्याइतकाच ताठ. आमच्या वडिलांनी आम्हाला जमिनीपेक्षा ताठा जास्त वाटून दिला.

एकदा एका लग्नात काय झालं, पुऱ्या तळताना दगडूच्या आणि त्याच्या दोन माणसांच्या पोटात एकदम कळा सुरू झाल्या. आदल्या दिवशीचं काहीतरी खाल्लं असेल. आलटून पालटून पळत होते. नवरीच्या मामानं भर मांडवात म्हटलं, "आचारी कढईपाशी कमी आणि संडासापाशी जास्त दिसतोय. इथं जेवायचं का उपाशी जायचं?" अर्धी पंगत उठली. दगडूनं त्या दिवशी मांडवातल्या माणसांकडे मान वर करून बघितलं नाही. आचाऱ्याला यापेक्षा मोठा अपमान नाही.

यानंतर त्यानं काय सुरू केलं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. एका लग्नाला मी सकाळीच गेलो होतो. भट्टीला नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं. मग दगडूनं चंचीतून एक पट्टी काढली आणि एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवत गेला. जुलाबाचे जंतू मारणारी पिवळी गोळी, आमच्या खिडकीतून जायची तीच. सगळ्यांनी तीर्थ घ्यावं तशी पाण्याबरोबर गिळली, दगडूनंही गिळली, आणि मगच भट्टी पेटली.

मी विचारलं, "कुणाला काय होतंय?"

"कुनालाच काय न्हाई. म्हनूनच देतोय."

"दगड्या, हे औषध हाय. अंगारा न्हाई."

"आण्णा, तू मानूस आजारी पडल्यावर गोळी देतूस. मी पडायच्या आधीच देतो. शहाना कोन?"

"अरे, धडधाकट मानसाच्या पोटात अशी एक-एक टाकलीस तर जंतू मरत न्हाईत. सवय लागतीय त्यांना."

"लागू दे. तुला च्याची सवय हाय, मेलास का?"

त्याची सगळी माणसं हसली. वाढप्यांचा मुकादम नरसिंगा, तो तर झारा खाली ठेवून हसला. मी तसाच न जेवता घरी आलो. ती लगीनसराई सरेपर्यंत आम्ही बोललो नाही. शेवंता, दगडूची बायको, मधल्यामध्ये डबे पोचवायची. म्हणायची, "भावजी, ते म्हनतेत भाजी खाऊन सांगा कशी झालीय." मी भाजी खायचो आणि निरोप द्यायचो, "मीठ कमी." मीठ कधीच कमी नसायचं.

डॉक्टरसाबांना मी हा प्रकार सांगितला. ते आधी हसले. म्हणाले, "माणिकराव, आपका भाई जरासीम को तालीम दे रहा है. ऐसा थोडा-थोडा मारे तो पहलवान बन जाते उनो." जरासीम म्हणजे जंतू. मी म्हटलं, त्याला इथं बोलावून समजावा. ते म्हणाले, "किस-किस को समझाऊँ? पूरा शहर खा रहा है." आणि ते खरंच होतं. कुणाच्या घरी देवाच्या फळीवर, कुणाच्या स्कूटरच्या डिकीत, कुणाच्या पर्समध्ये, सगळीकडे ती पट्टी. प्रवासाला निघताना एक, हॉटेलात खाल्ल्यावर एक. दगडूनं नवीन काही केलं नव्हतं. जे सगळे चोरून करत होते ते त्यानं नारळ फोडून केलं, इतकंच.

डॉक्टरसाब गेले. दवाखान्याच्या जागी आता इडली-डोशाचं टिफिन सेंटर आहे. माझी खिडकी होती तिथं चटणीचं पातेलं ठेवतात.

गेल्या लगीनसराईच्या तोंडावर शेवंताचा फोन आला. "भावजी, यांना लई दिवस झाले, रक्त पडतंय. तुमाला सांगू नको म्हनलेत." मी गेलो. दगडू भिंतीला टेकून बसला होता. डोळे आत गेलेले, गालफडं वर आलेली. उशाशी पिवळ्या गोळीच्या रिकाम्या पट्ट्या. एकीनं जमेना म्हणून दोन, दोनानं जमेना म्हणून दुसऱ्या रंगाची, ती संपल्यावर तिसरी.

म्हणाला, "आण्णा, माल नकली यायला लागलाय."

"माल असलीच हाय. उठ."

सरकारी दवाखान्यात दाखल केलं. तिथली डॉक्टरीणबाई लहान होती, पण कामाची होती. चिडचिड नाही, घाई नाही. शौच तपासायला पाठवलं. त्यातले जंतू वाढवून, कुठल्या औषधानं मरतात ते बघतात. रिपोर्ट यायला वेळ लागला. आला तेव्हा बाईनं मला खुर्ची दिली आणि एकेका औषधाच्या नावावर बोट ठेवत गेली. "ये काम नहीं करेगी अंकल. ये भी नहीं. ये भी नहीं." ती सगळी नावं माझ्या तोंडात बसलेली. त्या गोळ्यांचा रंग, आकार, कडूपणा, डोळे मिटून मी सांगितला असता. पेशंटला जीभ उचलायला लावून मी ज्या गोळ्या गिळवल्या त्या एकेक करून तिच्या बोटाखालून जात होत्या.

"पेट में लेने की एक भी नहीं?" मी विचारलं.

"एक भी नहीं. इंजेक्शन है. वो पूरा देना पड़ेगा."

मी तिला पंगतीआधीच्या गोळीचं सांगितलं. म्हटलं, त्यामुळंच झालं ना हे? ती म्हणाली, "एक आदमी से नहीं होता अंकल. ये जरासीम उनको किसी और से भी मिला हो सकता है. सब मिल के किए." दगडू एकट्याचं हे काम नाही हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एकट्याचं असतं तर एकट्याला धरून आणून माझ्यासमोर गिळ म्हटलं असतं. सगळ्या शहराला मी कुठल्या खिडकीशी उभं करू?

इंजेक्शन सुरू झालं. लागू पडलं. ताप उतरला, रक्त फिकट होत गेलं. दगडूनं चहा मागितला, मग दवाखान्याच्या डाळीला नावं ठेवायला लागला. डाळीला नावं ठेवली तेव्हा मला वाटलं, हा वाचला. आता एवढंच बघायचं होतं, की बाईनं सांगितलेली सगळी इंजेक्शनं होईतो त्यानं त्या खाटेवर राहावं. तेवढंच. माझ्या सगळ्या नोकरीत मी तेवढंच तर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तो खाटेवर पाय खाली सोडून बसलेला. कपाळाला पंचा.

"आण्णा, मी निघतो. उद्या लगीन हाय."

"तुझं?"

"पोरीच्या बापाला शबूद दिलाय. दगडूच पायजे म्हनून त्यानं तारीख धरायच्या आधी मला इचारलं."

"नरसिंगा करंल."

"नरसिंगाला भाताचं पानी कळत न्हाई. भात बिघडला तर पोरीच्या बापाची मान खाली जाईल. ती कशी जातीय ते मला ठावं हाय."

"आनि तू मेलास तर?"

"मरतोय कशानं? आता रगत कुठं हाय? बग की जाऊन भांड्यात."

"रगत दिसंना म्हनून संपलं न्हाई. अजून इंजेक्शनं ऱ्हायलीत. दगड्या, मी जन्मभर हेच बघितलंय. सगळे इथंच सोडतेत."

"तुझं दुकान बंद झालं आण्णा. आता माझ्यावर नको चालवू."

हे त्यानं हसत म्हटलं. मला लागलं. त्याच्या चपला खाटेखालून उचलल्या, माझ्या पिशवीत घातल्या, पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसलो. म्हटलं, जा आता कसा जातोस ते बघतो. डॉक्टरीणबाई आली, तिनंही समजावलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल, तेव्हा हे इंजेक्शन तरी चालेल का माहीत नाही, असं स्पष्ट सांगितलं. दगडूनं तिला हात जोडले. "अम्मा, परसों आ जाता. देवाशप्पथ." आपल्या जबाबदारीवर जातोय अशी सही केली. सही करताना मान वळवून माझ्याकडे बघितलं, मी पिशवी घट्ट धरली.

तो अनवाणी गेला. उन्हात, डांबरावरून, शेवंताच्या खांद्याला धरून रिक्षापर्यंत गेला आणि एकदाही मागं वळला नाही. शेवंता वळली. तिच्या तोंडाकडे मला बघवलं नाही. चपलांची पिशवी घेऊन मी तिथंच बसून राहिलो.

लग्नाला मी गेलो नाही. नरसिंगा नंतर सांगत होता. पहाटे भट्टीपाशी दगडूनं नारळ फोडला. पोटात पुन्हा कळ सुरू झालेली. मेडिकलमधून त्यानं ती आतडं थांबवणारी गोळी आणवली. एकीनं थांबेना म्हणून दोन घेतल्या, थोड्या वेळानं आणखी. दिवसभर खांबाला पाठ लावून उभा राहिला, पण भाताला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. एक पान उठलं नाही. पोरीच्या बापानं त्याला पंगतीसमोर बोलावून शाल दिली. नरसिंगा म्हणाला, "क्या भाजी बनाए उस दिन, काका! वैसी फिर नहीं बनती." हे सांगताना तो रडत होता. भाजीसाठी रडत होता की दगडूसाठी, मला कळलं नाही. कदाचित त्यालाही नसेल कळलं.

दगडूनं डॉक्टरीणबाईला दिलेला शब्दही पाळला. म्हणाला होता त्याच दिवशी परत आला. स्वतःच्या पायांनी आला. मी पोचलो तोपर्यंत त्याला खाटेवर घेतलं होतं, सलाईन लावायची तयारी चालली होती, आणि डॉक्टरीणबाई दुसऱ्या वॉर्डात गेली होती. शेवंता उशाशी उभी होती, हातात डबा.

दगडूच्या कपाळावर घाम होता, पण तोंड हसरं. मला बघताच म्हणाला, "आण्णा, थांबलं बग. कालपासनं एकदा बी न्हाई गेलो. उगा भांडलास."

शेवंता म्हणाली, "खरंच भावजी, एकदा बी न्हाई. मऊ भात आनलाय, तूप घालून. देऊ का?"

मी त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट फुगलेलं होतं, ताणलेल्या चामड्यासारखं टणक. बोटानं ठोकलं तर रिकाम्या पिंपासारखं वाजलं. त्यानं हात झटकला, "दुखतंय की रं." डॉक्टरसाब पोट तपासताना नळी लावून आतला आवाज ऐकायचे. चांगल्या पोटात सारखी काहीतरी गुरगुर चालू असते. रक्ताच्या जुलाबात पोट फुगलं आणि आवाज बंद झाला, तर आतडं आतल्या आत मरायला लागलं असं समजायचं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. अशा पेशंटला खिडकीशी गोळी शोधत बसू नको, रिक्षा शोध, म्हणाले होते.

माझ्याकडे नळी कुठली? मी वाकलो आणि कान दगडूच्या पोटाला लावला.

"काय ऐकलालास?" दगडू हसत म्हणाला. "भूक लागलीय, तेच ऐकू येतंय."

मी श्वास धरून ऐकलं. कान दुसऱ्या बाजूला लावून ऐकलं. वॉर्डात भांडी वाजत होती, पंखा खडखडत होता, त्याची छाती धडधडत होती. पोटातून काहीही येत नव्हतं.

"शेवंता, भात ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाईला बोलाव. पळ."

ती जागची हलली नाही. डब्याचं झाकण एका हातात, चमचा दुसऱ्या हातात. माझ्याकडे बघत, मी काहीतरी साधी गोष्ट विसरलो आहे अशा आवाजात ती म्हणाली, "पन भावजी, थांबलंय की."